शेषेराव मास्तरांचा उजवा कान

कंधारमध्ये शेषेराव मास्तर कुठे राहतात म्हणून विचारलंत, तर लोक आधी तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघतील आणि मग म्हणतील, "कोनते? शिट्टीवाले?" शिट्टी म्हटलेलं मास्तरांना अजिबात खपत नाही. ती रेकॉर्डर, सरळ ओठांत धरून फुंकायची विलायती बासरी, पुढे सात भोकं आणि मागे अंगठ्याला एक. हे समजावून सांगायला मास्तर चहाच्या टपरीवर अर्धा अर्धा तास उभे राहतात. ऐकणारे माना हलवतात, चहा संपवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टीवालेच म्हणतात.

मास्तर ही पदवीही उशिराची. जन्म मन्याड नदीच्या काठचा, शेतकऱ्याच्या घरातला. एकोणिसाव्या वर्षी पोलीस बँडात क्लॅरिनेटवर लागले आणि एकोणचाळीस वर्षं वाजवून निवृत्त झाले. निरोपाला शाल-श्रीफळ मिळालं ते सगळ्यांनाच मिळतं; यांना वर एक लोखंडी पेटी मिळाली. जुन्या बँडमास्तरांनी जमवलेली छापील नोटेशनची पुस्तकं तीत होती, आणि ती उंदरांनी खाण्याआधी कुणीतरी न्यावीत एवढीच सगळ्यांची इच्छा होती. त्यांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे अमेरिकी मार्च, म्हणजे पावलांच्या तालावरच्या धुना, होत्या. तिकडे रॅगटाइम नावाचा प्रकार नुकताच रांगायला लागला होता, त्या काळातले. खाली पाय सरळ पडतात, डावा-उजवा, डावा-उजवा. वरची चाल मात्र पाय पडायच्या अर्धा क्षण आधीच उडी मारून मोकळी होते. कवायतीत हे मार्च कधी वाजवायला मिळाले नाहीत, कारण त्यावर जवानांची पावलं चुकतात. मास्तरांचा जीव नेमका त्यांच्यावरच जडला होता.

मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका राजश्रीबाई यांच्याकडे पुण्याच्या एका बंद पडलेल्या शाळेतून खोकंभर रेकॉर्डर आल्या तेव्हा बाईंना काय करावं ते कळेना, आणि त्यांनी मास्तरांना बोलावलं. त्याला आता चार वर्षं झाली. सात मुली, सात बासऱ्या: चार छोट्या सोप्रानो, दोन मधल्या अल्टो आणि एक लांब, जाड आवाजाची टेनर. मूळ मार्च चोवीस बाप्यांच्या बँडासाठी लिहिलेले. त्यातलं मोठ्या ड्रमचं काम टेनरला द्यायचं, ट्रम्पेटची ललकारी सोप्रानोंत वाटायची, मधले कोपरे अल्टोंनी भरायचे. पाच रिफिली एका पट्टीला बांधून केलेल्या लेखणीने मास्तर एका ओढीत पाच रेघा मारत आणि त्यावर टिंबं भरत बसत. आठवीतल्या पोरीचा दम किती, हे त्यांना पाठ होतं. प्रत्येकीने श्वास कुठे घ्यायचा त्याची बारीक खूण ते ओळीवर करत, आणि दोघींचा श्वास एका जागी पडू देत नसत. कागदाच्या माथ्यावर वाद्याचं नाव लिहीत नसत, पोरीचं लिहीत. "टेनर काय, कुनीबी वाजवंल," ते म्हणत. "हे मी ऋतुजाच्या बोटांसाठी लिहिलंय."

इथवर सगळं ठीक चाललं होतं. गेल्या दिवाळीच्या आधी मास्तरांना सर्दी झाली. कान भरल्यासारखे वाटत होते. चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोने, केवळाबाईंनी, कुकर लावला, त्याची शिट्टी झाली, आणि मास्तरांना एकदम दोन शिट्ट्या ऐकू आल्या.

"दोन कुकर लावलेस का गं?"

"दोन मानसाला दोन कुकर कशाला?" केवळाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी कपाटातला बँडाचा, सूर तपासायचा जुना ट्यूनिंग फोर्क काढला. गुडघ्यावर आपटून डाव्या कानाशी धरला. सूर बरोबर होता, आयुष्यभर ऐकलेला. मग उजव्या कानाशी धरला. तोच फोर्क, तेच पोलाद, आणि सूर वर चढलेला. फार नाही, पाव सूर. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. पोलादाला सर्दी होत नाही, हे कळायला काही बँडमास्तर व्हावं लागत नाही. मास्तर पलंगावर बसले. बासष्टाव्या वर्षी त्यांना लहान पोरासारखी भीती वाटली.

या भीतीला एक नाव होतं, अमृतराव. बँडात मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस. वीस-बावीस वर्षांपूर्वी अमृतरावांचा कान बिघडायला लागला, ते बेसूर वाजवायला लागले, आणि ती गोष्ट वरपर्यंत नेली ती शेषेरावांनीच. भल्यासाठीच सांगतोय, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. अमृतरावांना गणवेशाच्या भांडारात बसवलं. परेडच्या दिवशी ते भांडाराच्या दारात उभे राहून बँडाकडे बघत आणि जवळ कुणी आलं की आत जात. ते दार मास्तरांना आता रोज दिसायला लागलं. आपला कान गेल्याचं कुणाला कळलं तर राजश्रीबाई चांगल्या शब्दांत सांगतील, हार घालतील, आणि मंगळवार-शुक्रवारची ती दोन तासांची शाळा संपेल. मग उरलं काय? टपरी.

म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. केवळाबाईंनासुद्धा नाही. पंधरा दिवसांनी सर्दी गेली, तेव्हा कानही सुधारला असणार असं त्यांनी ठरवून टाकलं. ठरवलं म्हणजे तपासलं नाही. ट्यूनिंग फोर्क कपाटात साड्यांच्या खाली गेला, आणि त्या कपाटाजवळून जातानाही मास्तर तिकडे बघत नसत.

जानेवारीत लातूरला शाळांच्या वाद्यवृंदांचा मेळावा होता. कंधारच्या मुलींना पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. मास्तरांनी पेटीतला सगळ्यात अवघड मार्च निवडला. मधला भाग, ज्याला ट्रायो म्हणतात, तिथे चाल बदलते आणि सगळी गंमत तिथेच असते. पण दिवाळीनंतर तो ट्रायो काही केल्या जमेना. ऐकताना अंगावर काटा यायचा, आणि तो कौतुकाचा नव्हे. मास्तरांनी तो नऊ वेळा नव्याने लिहिला. अल्टो खाली घेतल्या, सोप्रानो तीनच ठेवल्या, टेनरची ओळ मोडून दुसरी बांधली. दर वेळी घरून कागद चांगला निघायचा आणि वर्गात नासायचा.

वाजवण्याआधी सूर जुळवायची मास्तरांची एक पद्धत होती. मुली अर्धवर्तुळात उभ्या राहत, डावीकडे चार सोप्रानो, उजवीकडे दोन अल्टो आणि टोकाला टेनर. मास्तर मधे उभे राहून ज्या बाजूची मुलगी त्या बाजूचा कान तिच्याकडे करत. डावीकडच्या चौघी ठीक असायच्या. उजवीकडच्या तिघी रोज चढलेल्या निघायच्या.

"डोकं बाहेर ओढ," मास्तर सांगत. रेकॉर्डरचा वरचा तुकडा, ज्यात फुंकतात, त्याला पोरी डोकं म्हणत. ते जरासं बाहेर ओढलं की सूर उतरतो, आत ढकललं की चढतो.

दोघी अल्टोवाल्या, इंदू आणि उज्वला, मुकाट्याने ओढत. ऋतुजा मात्र ओढायची, फुंकून बघायची, आणि मास्तरांच्या डोळ्यांदेखत परत आत ढकलायची.

"ऋतुजा, म्या काय सांगितलं?"

"सर, लई उतरून राहिलंय."

"माझ्यापेक्षा तुला कळतं?"

डोकं मात्र आतच राहायचं. डिसेंबरच्या एका शुक्रवारी ती बापाचा मोबाइल घेऊन आली. त्यात सूर दाखवणारा काटा होता; सूर बरोबर लागला की तो मधे येऊन हिरवा होतो. तिने मोबाइल मास्तरांपुढे धरला. "सर, मी फुंकते, तुम्ही निस्तं बघा."

मास्तरांनी बघितलं नाही. खरं सांगायचं तर त्यांचं धाडस झालं नाही. त्यांनी तिच्या हातातून मोबाइल घेतला, पालथा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बेसूर वाजवायचं अन् वर मशीन दाखवायचं? उद्यापासून यायची गरज न्हाई." बोलताना आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. ऋतुजाने टेनरचे तीन तुकडे सोडवले, फडक्याने पुसले, पिशवीत घातले आणि टेबलावर ठेवून गेली. रडली नाही. रडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्यांनी टेनरच्या कागदावरचं तिचं नाव खोडलं आणि उज्वलाचं लिहिलं. उज्वलाची बोटं आखूड. खालचं भोक तिच्या करंगळीला पुरत नव्हतं. मास्तरांनी दहाव्यांदा ट्रायो लिहिला, तिच्या करंगळीपुरता. आता आपण ज्याला रचना म्हणतोय ती रचना राहिलेली नाही, एक भोक झाकायला दुसरं उकरणं चाललंय, हे त्यांना कळत होतं. रात्री डोळा लागेना आणि सकाळी जेवण जाईना. केवळाबाईंनी दोनदा विचारलं, मास्तर दोनदा वसकन अंगावर गेले.

मेळाव्याला दोन दिवस उरले तेव्हा, नवीन टेनर बघतो म्हणून सांगून ते नांदेडला गेले. एसटीतून उतरल्यावर पाय वाद्यांच्या दुकानाकडे वळायला हवे होते, ते डॉक्टर लेनकडे वळले. कानाच्या डॉक्टरांची पाटी त्यांनी तीनदा ओलांडली. चौथ्यांदा आत गेले, कारण दारातली बाई म्हणाली, "काका, नंबर लावायचाय का निस्तं फिरून राहिलात?"

डॉक्टर लुंबिनी वयाने त्यांच्या मुलीसारख्या. त्यांनी मास्तरांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, आवाज ऐकवले. नंतर एकच सूर आळीपाळीने दोन्ही कानांत सोडला आणि विचारलं, "सारखे वाटतात?"

मास्तरांनी खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "न्हाई. उजवा पाव सूर चढा हाय."

"आतली नस दुखावली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सर्दीच्या तापात कधी कधी होतं. कधीपासून आहे?"

"दिवाळीच्या आधीपासून."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. "पहिल्या पंधरवड्यात आला असतात तर गोळ्यांनी फरक पडायची शक्यता होती, काका. आता आहे ते असंच राहील. डावा कान चांगला आहे, तो जपा. एवढे दिवस का थांबलात?"

"भ्यालो," मास्तर म्हणाले. इतकं साधं उत्तर त्यांनी कित्येक महिन्यांत कुणाला दिलं नव्हतं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर त्यांच्या डोक्यात हिशेब जुळायला लागला. उजवा कान चढा, म्हणून उजवीकडच्या तिघी चढ्या. म्हणजे त्या बरोबर होत्या. म्हणजे आपण दर मंगळवारी आणि शुक्रवारी बरोबर सुरातल्या पोरींना बेसूर करत होतो. ट्रायोत काही चूक नव्हती, पहिल्या दिवसापासून नव्हती. आणि जिने डोकं परत आत ढकललं तिला आपण हाकलून दिलं. परवा लातूरला भरल्या सभागृहात सहा पोरी उभ्या राहणार, त्यांतल्या दोघी आपण बिघडवलेल्या, आणि त्यांच्याकडे बघून लोक हसणार. अमृतराव निदान एकटेच बेसूर होते.

कंधारच्या अलीकडे ऋतुजाच्या गावाचा फाटा येतो. मास्तरांनी कंडक्टरला सांगून एसटी थांबवली आणि ते आत गावाकडे चालायला लागले.

ऋतुजाचे वडील, बजरंग, खळ्यावर होते. तुरीची मळणी चालली होती. मळणीयंत्राचा असा गजर की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. मास्तरांना तो आवाज बरा वाटला. या आवाजात बोलून टाकावं, कुणी ऐकलं ऐकलं, नाही ऐकलं नाही. पण बजरंगने पाहुणा बघितला आणि माणुसकीने हात वर करून यंत्र बंद करायला लावलं. एकदम शांत झालं.

"या सर, बसा. पोरगी चुकली आसंल तर सांगा, मी बोलतो तिला."

ऋतुजा तुरीच्या भुशातून डोक्याचा रुमाल सोडत पुढे आली. मास्तर बसले नाहीत. बसले असते तर उठून गेले असते.

"पोरगी चुकली न्हाई," ते म्हणाले. "चूक माझी हाय. माझा उजवा कान गेलाय. मला सूर चढा ऐकू येतो. मी तुला बेसूर म्हणालो, तू बरोबर होतीस. मला भेव वाटलं, म्हणून मी तुला काढलं."

बजरंगला यातलं अर्धं कळलं असेल. मास्तरांसारख्या माणसाने आपल्या पोरीपुढे मान खाली घातलेली बघून तो अवघडला आणि चहाचं सांगायला म्हणून घराकडे गेला.

ऋतुजा म्हणाली, "मला म्हाईत होतं, सर."

"कवापासून?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतर. समद्यांनाच म्हाईत हाय. तुम्ही कान वळवला की उजव्या बाजूच्याच चढतात." ती नजर चुकवत होती. "इंदू अन् उज्वला तुमच्यासमोर डोकं ओढतात अन् तुमची पाठ वळली की परत ढकलतात. समद्यांनी तसंच ठरवलं होतं. बाईंना कळलं तर आपला क्लास बंद व्हईल, अन् सरला भेव वाटंल, असं म्हणल्या. मला चोरून ढकलायला जमंना. म्हणून म्या तुमच्यासमोर ढकललं."

दोन महिने आपण ज्यांच्यापासून लपत होतो त्या सात पोरी दोन महिने आपल्याला लपवत होत्या, आणि त्यांतली जी एक समोर उभी राहून खरं बोलली ती नेमकी आपण हाकलली. लाज वाटायला हवी होती आणि ती वाटलीही, पण तिच्या खाली भीती तशीच होती. ती कमी झाली नव्हती. फक्त आता ती त्यांची एकट्याची राहिली नव्हती.

"परवा येशील का?" त्यांनी विचारलं.

"पहिलाच ट्रायो वाजवायचा आसंल तर येते," ती म्हणाली. "नंतरचे लई वंगाळ होते."

ऋतुजासकट सगळे जीपने लातूरला गेले. सभागृहाच्या मागच्या खोलीत मुली अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या, राजश्रीबाई साड्यांच्या पिना बघत होत्या, आणि तिथे मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाल्या तेही. बाईंच्या हातातली पिन तशीच राहिली.

"मग आज सूर कोण जुळवणार?" बाईंनी विचारलं.

"ऋतुजा."

"आणि पुढे उभं कोण राहणार?"

तेच मास्तरांना माहीत नव्हतं. भांडाराचं दार डोळ्यांसमोर होतं, आणि त्यात ते स्वतः उभे होते.

"सरच," ऋतुजा म्हणाली. तिने मोबाइल हातात घेऊन एकेकीचा सूर लावला, शेवटी स्वतःचा, आणि मग मास्तरांकडे वळली. "फकस्त तुम्ही आमच्याकडं तोंड करून उभे राहू नका. आडवे उभे ऱ्हा. डावा कान आमच्याकडं."

मास्तरांच्या लक्षात आलं. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी एकही बँडमास्तर आडवा उभा राहिलेला बघितला नव्हता. पुढे उभा राहतो त्याची पाठ लोकांकडे असते. तो भ्यालेला असला तरी ते फक्त वाजवणाऱ्यांना कळतं. आडवं उभं राहायचं म्हणजे अर्धा चेहरा सभागृहाला दिसणार, थरथरणाऱ्या ओठांसकट.

"लोकांना दिसंल गं," ते म्हणाले. "मी लई भ्यालोय."

"दिसू द्या, सर. आम्हाला रोजच दिसतंय."

नाव पुकारलं गेलं. मुली वर गेल्या. मास्तर मधे गेले आणि आडवे उभे राहिले, उजवा गाल लोकांकडे करून. समोरच्या रांगेतले दोघे एकमेकांना काहीतरी म्हणाले. मास्तरांनी हात वर केला. मार्च सुरू झाला, डावा-उजवा, डावा-उजवा, आणि ट्रायो आला. डाव्या कानात तो पहिल्यांदा लिहिला होता तसा वाजत होता. उजव्या कानात त्याच वेळी दुसराच एक बँड, पाव सूर वर, बेसूर वाजवत होता. तो थांबणार नव्हता, हे त्यांना आता ठाऊक होतं. भीती तशीच होती आणि मास्तर शेवटच्या सुरापर्यंत हात हलवत राहिले.